आधी तोंड बघा, मग चमचा उचला

वॉर्डातलं माझं पहिलं वर्ष होतं. पक्षाघातातून सावरणाऱ्या एक आजी तीन दिवस ओठ घट्ट मिटून पडल्या होत्या. चमचा जवळ नेला की मान फिरवायच्या. मी दर वेळी तक्त्यावर लिहीत गेले, 'जेवण नाकारलं'. चौथ्या दिवशी एक अनुभवी सिस्टर आल्या. त्यांनी टॉर्च काढला, आजींची कवळी हळूच सोडवली आणि मला आत बघायला सांगितलं. जिभेवर पांढरा जाड थर, कवळीखाली हिरडीला लालभडक जखम. बुरशीवरचं औषध सुरू झालं, कवळी काही दिवस काढून ठेवली, आणि आठवड्याभरात आजी वाटीभर मऊ जेवण संपवायला लागल्या. तीन दिवस त्या दुखतंय म्हणून सांगत होत्या, आणि मी ते नकार म्हणून लिहीत होते.

त्यानंतरच्या बावीस वर्षांत मी तो शब्द वापरलेला नाही. जे दिसतं तेच लिहिते: ओठ मिटले, मान उजवीकडे वळवली, तिसऱ्या घासानंतर खोकला आला, दहा चमचे गेले. घरी माणूस सांभाळणाऱ्यांनाही मी पहिल्यांदा एक वही करायला सांगते. कधी, काय, किती चमचे आणि तेव्हा काय झालं, एवढंच. चार दिवसांची वही डॉक्टरांपुढे ठेवली तर 'काहीच खात नाहीत हो' या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं.

का खात नाही, हे आधी शोधा

'खाता येत नाही' आणि 'खायचं नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि माझ्या अनुभवात दुसरी वाटणारी बहुतेक प्रकरणं आतून पहिलीच निघतात. म्हणून टॉर्च घ्या. जीभ, गालांच्या आतल्या बाजू, हिरड्या, टाळू बघा. कवळी सैल झालीय का? वजन उतरलं की कवळी हमखास सैल होते. तोंड कोरडं पडलंय का? कोरड्या तोंडात घास फिरतच नाही, आणि कित्येक औषधांनी तोंड कोरडं पडतं.

मग खाली या. पोट शेवटचं कधी साफ झालं? चार दिवस शौचाला न झालेल्या माणसाला भूक कशी लागेल? वेदना आहे का, मळमळ आहे का, दम लागतोय का? श्वास आणि गिळणं एकाच वाटेवर असतात. गिळताना श्वास क्षणभर थांबवावा लागतो, आणि दम लागलेल्या माणसाला तो क्षण परवडत नाही. गेल्या पंधरा दिवसांत एखादं नवं औषध सुरू झालंय का, हेही बघा. मधुमेहाच्या, हृदयाच्या, वेदनाशामक अशा बऱ्याच गोळ्या भूक मारतात. आणि मन. नैराश्य आलेला म्हातारा माणूस रडत नाही, तक्रार करत नाही, फक्त ताट सरकवतो.

वजन आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, एकाच काट्यावर करा. महिन्याभरात 5 टक्के किंवा सहा महिन्यांत 10 टक्के वजन उतरलं, तर ती डॉक्टरांकडे जाण्याजोगी गोष्ट आहे. 60 किलोच्या माणसाचे महिन्यात 3 किलो. अंथरुणाला खिळलेल्यांचं वजन करता येत नसेल तर दंडाचा घेर टेपनं मोजून वहीत लिहा.

गिळताना काय बिघडतं

घास अन्ननलिकेत जायच्या ऐवजी श्वासनलिकेत उतरला तर न्यूमोनिया होऊ शकतो. निरोगी माणसाला लगेच ठसका लागतो. आजारी माणसाला लागेलच असं नाही, आणि मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. अन्न गुपचूप फुप्फुसात जातं, चेहऱ्यावर काही दिसत नाही, आणि दोन दिवसांनी ताप चढतो. म्हणून 'खोकला नाही म्हणजे सगळं ठीक' असं धरून चालू नका.

खुणा अशा: गिळल्यावर आवाज ओला, घरघरता होतो. डोळ्यांत पाणी येतं. नाक गळतं. एक घास दोन-तीनदा गिळावा लागतो. जेवण एका बाजूच्या गालात साठून राहतं. जेवता जेवता दम लागतो. वारंवार ताप येतो आणि कारण सापडत नाही. मी चार-पाच घासांनंतर रुग्णाला लांब 'आ' म्हणायला सांगते. आवाज स्वच्छ असेल तर पुढचा चमचा. गुळण्या केल्यासारखा आला तर थांबायचं, खोकायला सांगायचं, पुन्हा गिळायला सांगायचं. तरी तसाच राहिला तर त्या वेळचं जेवण तिथेच बंद.

पक्षाघाताचा झटका नुकताच आला असेल, तर गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडात काहीही घालू नका. पाण्याचा घोट नाही, गोळीसुद्धा नाही. ग्लानीत असलेल्याला, मान धरता येत नसलेल्याला, स्वतःची लाळ गिळता येत नसलेल्याला तोंडानं भरवायचं नाही. प्रेमानं दिलेला घोटही त्यांच्या छातीत जाऊ शकतो. गिळण्याची तपासणी करणारे वेगळे तज्ज्ञ असतात, स्पीच थेरपिस्ट. नाव 'स्पीच' असलं तरी गिळण्याचं शास्त्र त्यांच्याकडेच असतं. त्यांच्याकडे पाठवा म्हणून डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

बसवायचं कसं, भरवायचं कसं

माझ्या मते अर्धं काम इथेच होतं, आणि घाई झाली की लोक नेमकं हेच सोडतात.

माणूस पूर्ण जागा असला पाहिजे. चष्मा, कानाचं यंत्र लावा. टीव्ही बंद करा. शक्यतो खुर्चीत बसवा, पाय जमिनीला किंवा पाटाला टेकलेले, पाठ सरळ. पलंगावरच भरवायचं असेल तर डोक्याकडची बाजू जमेल तेवढी उभी करा, गुडघ्यांखाली उशी द्या म्हणजे माणूस खाली घसरत नाही, आणि कमजोर बाजूच्या हाताखालीही उशी ठेवा. बहुतेकांना हनुवटी किंचित खाली ठेवून गिळणं सुरक्षित पडतं. डोकं मागे कधीच जाऊ देऊ नका. मान मागे टाकली की श्वासनलिकेची वाट उघडी पडते. अरुंद पेल्यातून शेवटचा घोट घेताना डोकं आपोआप मागे जातं, म्हणून रुंद तोंडाचा पेला घ्या आणि तो अर्ध्याहून खाली जाऊ न देता पुन्हा भरत राहा.

तुम्ही स्वतः बसा. उभं राहून भरवलं की चमचा वरून येतो आणि माणूस वर बघतो, म्हणजे मान पुन्हा मागे. डोळ्यांच्या पातळीला या, चमचा खालून आणा. छोटा चमचा घ्या, 5 मिलीचा, तोही अर्धा-पाऊण भरलेला. तो जिभेच्या मध्यावर टेकवून किंचित खाली दाबा आणि सरळ बाहेर काढा, वरच्या दातांना घासून पुसू नका. तोंडाची एक बाजू लुळी असेल तर घास चांगल्या बाजूला ठेवा. मग घशाकडे बघा. कंठमणी वर जाऊन खाली आला म्हणजे एक गिळणं झालं. तोपर्यंत दुसरा चमचा वाडग्यातच. तोंडात घास असताना प्रश्न विचारू नका, कारण माणूस उत्तर द्यायला जातो आणि श्वास आत ओढतो.

साधारण अर्धा तास पुरे. त्यानंतर स्नायू थकतात आणि ठसका लागण्याची शक्यता वाढते. तीन मोठ्या जेवणांपेक्षा सहा छोटी बरी. जेवण झाल्यावर बोटाला ओलं स्वच्छ फडकं गुंडाळून किंवा मऊ ब्रशनं गालांतलं उरलेलं अन्न काढा आणि माणसाला निदान अर्धा तास बसतंच ठेवा. चावण्याची सवय असेल तर बोट घालू नका, ब्रशच वापरा.

दोन गोष्टी तर कधीच करायच्या नाहीत: नाक दाबून तोंड उघडायला लावणं, आणि सिरिंजनं तोंडात पिचकारी मारणं. दोन्ही मी शिकल्या-सवरलेल्या, जिवापाड माया करणाऱ्या घरांत पाहिल्या आहेत. पोटात काही जात नाही ही धास्ती माणसाला तिथवर नेते. त्यांना मी ओरडत नाही. शेजारी बसते आणि चमच्यानं करून दाखवते.

पातळ की घट्ट

घरोघरी समजूत अशी की गिळायला त्रास होतो म्हणजे पातळ द्यावं. बऱ्याचदा उलट असतं. साधं पाणी सगळ्यात वेगानं धावतं, आणि सुस्त झालेल्या घशाला ते पकडता येत नाही. घट्टसर द्रव सावकाश सरकतो आणि घशाला तयारीला वेळ मिळतो. म्हणून काहींना पाण्यात घट्ट करणारी पूड घालून देतात.

किती घट्ट, याची जगभर वापरली जाणारी एक मोजपट्टी आहे, आयडीडीएसआय. 0 ते 7 असे आठ स्तर. 0 म्हणजे पाणी, 7 म्हणजे नेहमीचं जेवण. घट्टपणा घरी मोजता येतो. 10 मिलीची सिरिंज घ्या, जिची 0 ते 10 ही पट्टी 61.5 मिमी लांब आहे अशी. दट्ट्या काढा, खालचं टोक बोटानं बंद करून 10 मिलीपर्यंत द्रव भरा, बोट काढा आणि दहा सेकंद मोजा. आत 1 ते 4 मिली उरलं तर स्तर 1, 4 ते 8 उरलं तर स्तर 2, 8 पेक्षा जास्त उरलं तर स्तर 3. काहीच टपकलं नाही तर 4. थेरपिस्टनं 'स्तर 2' लिहून दिलं असेल, तर घरात तिघांच्या हातचं पाणी तीन तऱ्हांचं होऊ नये म्हणून ही चाचणी करा. अंदाजानं घट्ट करू नका. गरजेपेक्षा घट्ट पाणी माणसाला नकोसं होतं, तो कमी पितो आणि शरीरातलं पाणी घटतं.

घन जेवणाची परीक्षा काट्याच्या चमच्यानं. त्याच्या दातांमधली फट साधारण 4 मिमीची असते. स्तर 5 च्या मऊ कुस्करलेल्या जेवणातल्या गुठळ्या मोठ्या माणसासाठी त्याहून मोठ्या नकोत, आणि काट्यानं हलकं दाबलं की त्या चुरल्या पाहिजेत. कोरडा भुगा होणारं, चिकट, धागेदार आणि साल असलेलं अन्न टाळा. आणखी एक फसवा प्रकार म्हणजे पातळ रश्शात तरंगणारे तुकडे. तोंडात आधी पाणी पळतं, तुकडा मागे राहतो, आणि कमकुवत घशाला दोन्ही सांभाळता येत नाहीत.

थोड्यात जास्त

जे दहा चमचेच खातात, त्यांच्या दहा चमच्यांत ताकद भरा. ढोबळ गरज किलोमागे रोज 25 ते 30 किलोकॅलरी, निदान 1 ग्रॅम प्रथिनं आणि सुमारे 30 मिली द्रव. 50 किलोच्या माणसाला म्हणजे 1250 ते 1500 किलोकॅलरी. चमचाभर तेलात चाळीसएक किलोकॅलरी असतात, ते कुस्करलेल्या जेवणात सहज मिसळून जातं. दुधात दुधाची पूड, लगद्यात अंडं किंवा दही, असं करत जा. मूत्रपिंड, हृदय किंवा मधुमेहाचा आजार असेल तर हे आकडे बदलतात, तेव्हा आहारतज्ज्ञांना विचारूनच.

पण जो माणूस पाच दिवसांहून अधिक जवळजवळ उपाशी आहे, त्याला एकदम भरपूर खाऊ घालू नका. मला इथे अगदी ठासून सांगावंसं वाटतं. उपाशी शरीरात अचानक अन्न आलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्यानं पेशींत ओढलं जातं, आणि हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांमध्ये डॉक्टरांनी हे पाहिलं. म्हणून सुरुवात गरजेच्या निम्म्याहून कमी, आधी थायमिन (ब1 जीवनसत्त्व), रोज रक्ततपासणी, आणि हे सगळं डॉक्टरांच्या नजरेखाली.

विसरलेल्या माणसाला भरवताना

माझ्या बाबांना स्मृतिभ्रंश झाला, तेव्हा वॉर्डातली वीस वर्षं कमी पडली. चमचा समोर धरला की ते त्याच्याकडे बघत राहायचे, आता याचं काय करायचं अशा नजरेनं. मला ते त्यांची बहीण समजायचे. 'अक्का, तू जेवलीस का?' विचारायचे. सुरुवातीला मी दुरुस्त करायचे, 'अहो बाबा, मी तुमची मुलगी'. त्यांचा चेहरा पडायचा आणि जेवण तिथंच संपायचं. मग मी अक्का झाले. 'नाही रे, तुझ्याबरोबर बसते' म्हणाले की तोंड उघडायचं. मी खरंच शेजारी बसून माझा घास घ्यायचे. समोरचा खातोय हे बघून हात आपोआप उचलला जातो.

सगळ्यात उपयोगी ठरलं ते हाताखाली हात धरणं. चमचा मी धरायचे, माझ्या हातावर त्यांचा हात ठेवायचे आणि दोघांचे हात मिळून तोंडाकडे न्यायचे. आपण त्यांचा हात वरून पकडला तर ते झटकतात, कारण तो जोर वाटतो. त्यांचा हात वर असला की आपणच खातोय अशी शरीराला जुनी ओळख पटते. ताट एकाच गडद रंगाचं घ्या, म्हणजे पांढरं अन्न पांढऱ्या ताटात हरवत नाही. एका वेळी एकच पदार्थ समोर ठेवा. चमचा नकोच असेल तर हातात धरून खाता येईल असं काही द्या, पण ते त्यांच्या गिळण्याला झेपणारं हवं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी दीडशे वर्षांपूर्वीच बजावलं होतं की न खाल्लेलं अन्न नंतर खाईल म्हणून रुग्णाच्या उशाशी ठेवून देऊ नये. उचला, अर्ध्या तासानं ताजं घेऊन या. बाबांच्या बाबतीत तर अर्ध्या तासापूर्वीचा नकार त्यांना आठवतही नसे.

नळीची वेळ आली तर

तोंडानं पुरेसं जातच नसेल आणि आजार सावरण्यासारखा असेल तर नाकातून पोटात नळी घालतात. साधारण चार ते सहा आठवड्यांहून जास्त लागणार असेल तर पोटाच्या भिंतीतून थेट जठरात जाणारी पेग नळी बरी पडते. ही पद्धत 1980 साली पहिल्यांदा प्रसिद्ध झाली.

नाकातली नळी पोटातच आहे याची खात्री एक्स-रेनं किंवा नळीतून ओढलेल्या स्रावाची आम्लता बघून करतात. पीएच 5.5 किंवा त्याहून कमी हवा. हवा सोडून पोटावर आवाज ऐकण्याची जुनी रीत भरवशाची नाही. नळी फुप्फुसात असली तरी आवाज येऊ शकतो. नाकाशी नळीवर खूण करून घ्या आणि प्रत्येक वेळी ती तिथेच आहे का बघा. खूण सरकली असेल, माणूस खोकत असेल, उलटी झाली असेल, तर काहीही न सोडता रुग्णालयाला कळवा. सुटलेली नळी शिकवलेलं नसेल तर घरी परत घालू नका.

देताना डोकं 30 ते 45 अंश उंच, आणि नंतरही तासभर तसंच. आधी 30 मिली पाणी, मग 200 ते 300 मिली फीड, म्हणजे नळीतून द्यायचं पातळ अन्न, सिरिंजचा दट्ट्या न ढकलता, उंच धरून आपल्या वजनानं उतरू द्यायचं, वीसेक मिनिटं. शेवटी पुन्हा 30 मिली पाणी. द्रव मर्यादित प्रमाणात मोजून दिला जात असेल तर हे पाणीही त्यात धरा. औषधं फीडमध्ये मिसळायची नाहीत, प्रत्येक वेगळं, मध्ये पाणी. सावकाश विरघळणाऱ्या किंवा वर आवरण असलेल्या गोळ्या कुटायच्या नाहीत. त्यांचं द्रवरूप मिळतं का, औषधविक्रेत्याला विचारा. पेग निघून आली तर त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात रुग्णालयात जा. छिद्र काही तासांत मिटायला लागतं.

नळी आहे म्हणून तोंड विसरू नका. लाळ तर माणूस गिळतोच, आणि घाणेरड्या तोंडातली लाळ छातीत गेली की न्यूमोनिया होतो. दिवसातून दोनदा दात, जीभ, हिरड्या स्वच्छ करा, कवळी रात्री काढून ठेवा.

स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात मात्र नळीनं आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दिसून आलेलं नाही. उलट माणूस ती उपसतो म्हणून हात बांधायची वेळ येते. तिथे हातानं, सावकाश, जमेल तेवढं भरवणं हीच वृद्धांच्या आजारांच्या तज्ज्ञांची शिफारस आहे. बाबांना मी नळी घालू दिली नाही. हा निर्णय रडत घेतला, पण माहिती घेऊन घेतला.

खरोखर नको म्हणणारा माणूस

शुद्धीत असलेला, परिणाम समजणारा प्रौढ माणूस विचारपूर्वक नको म्हणत असेल तर त्याला जबरदस्तीनं भरवता येत नाही. जागतिक वैद्यकीय संघटनेनं 1991 च्या माल्टा घोषणेत उपोषणकर्त्यांबाबत हेच तत्त्व मांडलं. नैराश्य, भ्रम किंवा खाण्याचा मानसिक विकार विचारशक्तीच झाकोळत असेल तर गोष्ट वेगळी, आणि ती ठरवायला मनोविकारतज्ज्ञ हवेत. वजन घटवण्याच्या ध्यासानं खाणं सोडलेल्या मुलीला 'खा ना एवढंसं' म्हणून काही होत नाही. तो जिवावर बेतणारा आजार आहे, उपचारही तसेच हवेत. ताटावर भांडू नका. जेवण वेळेवर समोर ठेवा, जवळ बसा, वजनाविषयी बोलू नका, आणि उपचार आजच सुरू करा.

शेवटच्या दिवसांत

मृत्यू जवळ आला की भूक आपोआप मिटते. तो खात नाही म्हणून जातोय असं घरच्यांना वाटतं, प्रत्यक्षात तो जातोय म्हणून खाणं थांबलेलं असतं. अशा वेळी सलाइनचा आग्रह धरला तर ते पाणी अंगावर सुजेत आणि छातीतल्या घरघरीत दिसतं.

करायला तरीही बरंच असतं. लहान मुलाचा मऊ ब्रश पाण्यात बुडवून झटकायचा आणि दर तासा-दोन तासांनी ओठ, हिरड्या, जीभ ओली करायची. काडीला लावलेला स्पंज वापरत असाल तर तो घट्ट आहे ना बघा. चावला गेला तर सुटून घशात अडकू शकतो. ओठांना मलम लावा. पूर्ण जागं असेल आणि मागितलं तर आवडीच्या चवीचं बोटभर काही जिभेवर ठेवा. बाबांना शेवटच्या आठवड्यात मी केळ्याचा नुसता वास दिला, मग जिभेच्या टोकाला नखभर लगदा लावला. त्यांनी तो कितीतरी वेळ चघळला आणि मग विचारलं, 'अक्का, तू जेवलीस का?'